दिवस भरण्याआधी आलेले मूल आणि त्याचा अभ्यास

दिवाळीच्या सुट्टीबरोबर घरोघर सहामाहीचे प्रगतिपुस्तकही येते. चकल्या तळता तळता आई ते उघडून पाहते, वडील चष्मा लावून वाचतात, आणि मग नेहमीची वाक्ये ऐकू येऊ लागतात. “बोलायला एवढा चुरुचुरु, मग गणितातच कसा मागे?” “सगळं येतं हो तिला, पण पेपर कधी पुरा करीत नाही.” “लक्षच नसतं, दुसरं काय!”

यांतील बऱ्याच तक्रारींचे कारण साधेच असते. खेळ, टीव्ही, मोबाइल, नाही तर कंटाळवाणा धडा. पण काही मुलांच्या बाबतीत उत्तर प्रगतिपुस्तकात सापडत नाही. ते असते कपाटाच्या खालच्या कप्प्यात जपून ठेवलेल्या एका जुन्या फाइलमध्ये. तीत लिहिलेले असते: जन्म ३० व्या आठवड्यात, वजन १३०० ग्रॅम, अतिदक्षता विभागात इतके दिवस. घरी सुखरूप आणले त्या दिवशी पेढे वाटले गेले आणि फाइल बंद झाली. आठ वर्षांनी मूल तिसरीत गेल्यावर ती पुन्हा उघडायला हवी, हे कोणी सांगितलेले नसते.

मी डॉक्टर नाही. ३१ वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आणि निवृत्तीनंतर आठवड्यातून दोन दिवस एका रुग्णालयाच्या बालविकास विभागात जाते. तेथे मुलांबरोबर बसायचे, त्यांच्याकडून वाचून-लिहून घ्यायचे, त्यांच्या शाळेशी बोलायचे, एवढेच माझे काम. तेथे पाहिलेल्या आणि जाणत्यांकडून समजून घेतलेल्या चार गोष्टी वाचक मातापित्यांपुढे मांडाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

काचेची पेटी

अपुऱ्या दिवसांचे मूल वाचणे ही तशी अलीकडची गोष्ट आहे. पॅरिसमधील स्तेफान तार्निए या प्रसूतितज्ज्ञांनी कोंबडीची पिल्ले उबविण्याची यंत्रे पाहिली आणि तशीच उबदार पेटी बाळांसाठी का करू नये, असे त्यांच्या मनात आले. १८८० च्या सुमारास तेथील प्रसूतिगृहात ती पेटी वापरात आली. त्यांचे शिष्य प्येर ब्यूदँ यांनी ऊब, आईचे दूध आणि स्वच्छता या तीन गोष्टींवर भर देऊन या बाळांच्या संगोपनाचे शास्त्रच बनविले. पुढे अमेरिकेत मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थांनी कोनी आयलंडच्या जत्रेत अशा पेट्या मांडल्या. लोक २५ सेंटचे तिकीट काढून ती चिमुकली बाळे पाहायला येत. १९०३ पासून १९४३ पर्यंत हे चालू होते. आज ऐकून अंगावर काटा येतो. पण त्या तिकिटांच्या पैशांवर बाळांची शुश्रूषा होई आणि आईबापांकडून एक पैसा घेतला जात नसे, हेही सांगितले पाहिजे.

पैसा आणि सत्ता असूनही काही उपयोग होत नसे, असे ते दिवस होते. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला. साडेपाच आठवडे लवकर आलेला, वजन सुमारे २ किलो १०० ग्रॅम. आज अशा बाळाबद्दल डॉक्टर फारशी चिंताही करणार नाहीत. पण ते बाळ ३९ तासांत गेले. फुप्फुसातील हवेचे बारीक फुगे मिटू नयेत म्हणून त्यांना आतून एक निसरडा लेप असतो. तो लेप अपुऱ्या दिवसांच्या बाळात तयार झालेला नसतो, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्येच दाखवून दिले होते. पण त्यावर औषध नव्हते. जपानमध्ये फुजिवारा यांनी १९८० मध्ये तो लेप बाहेरून देऊन बाळे वाचविली. त्याआधी १९७२ मध्ये लिगिन्स आणि हाउई यांनी न्यूझीलंडमध्ये आणखी एक गोष्ट सिद्ध केली होती. प्रसूती लवकर होणार असे दिसताच आईला ठरावीक इंजेक्शने दिली, की बाळाची फुप्फुसे पोटातच लवकर तयार होतात.

या साऱ्यांच्या पुण्याईने आज लाखो बाळे जगतात. २०२० या एका वर्षात जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बालके दिवस भरण्याआधी जन्मली, म्हणजे दर दहांत एक. त्यांपैकी सुमारे ३० लाख आपल्या भारतात. इतकी दुसऱ्या कोणत्याही देशात नाहीत. पूर्वी प्रश्न एकच असे: जगेल का? आता दुसरा प्रश्न पुढे आला आहे: शिकेल कसे?

पोटातले शेवटचे तीन महिने

पूर्ण गर्भकाळ ४० आठवड्यांचा. ३७ आठवड्यांपूर्वी जन्मलेले मूल अपुऱ्या दिवसांचे समजतात. ३२ च्या आत जन्मलेले फार लवकर आलेले आणि २८ च्या आतले अतिशय लवकर आलेले.

शेवटच्या तीन महिन्यांत बाळ नुसते बाळसे धरते, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात मेंदूच्या बांधणीचे सर्वांत मोठे काम याच काळात चालते. २४ व्या आठवड्यात मेंदूचा पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीत असतो. पूर्ण दिवस भरेपर्यंत तो अक्रोडाच्या गरासारखा घड्याघड्यांचा होतो. ३४ व्या आठवड्यात मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या सुमारे दोन-तृतीयांशच असते. एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला पोचविणाऱ्या तंतूंवर वेष्टन चढविणाऱ्या पेशी याच सुमारास तयार होत असतात. त्या फार नाजूक असतात. प्राणवायूची कमतरता किंवा जंतुसंसर्ग त्यांना सोसत नाही.

आता कल्पना करा. आईच्या पोटातल्या उबदार अंधारात हे काम चालायचे, ते रात्रंदिवस दिवे लागलेल्या, यंत्रांच्या घंटा वाजणाऱ्या खोलीत, सुया आणि नळ्या सोसत करावे लागते. काही बाळांच्या मेंदूत रक्तस्रावही होतो, आणि तो मोठा असेल तर परिणाम गंभीर होतात. पण पुष्कळ मुलांत मोठी इजा काहीच दिसत नाही. घर पक्के बांधलेले असते, फक्त विजेच्या तारांची जोडणी थोडी निराळी झालेली असते. तळमजल्यावरचे दिवे नीट लागतात. शाळा सुरू होऊन वरच्या मजल्यांवर भार आला, की मग कुठे तरी दिवा मिणमिणू लागतो. मूल चालायला, बोलायला लागले म्हणून निर्धास्त झालेल्या आईबापांना दुसरी-तिसरीत धक्का बसतो, त्याचे कारण हे आहे.

पाहणी काय सांगते?

अपुऱ्या दिवसांच्या मुलांची शाळेच्या वयात तपासणी करून देशोदेशी अभ्यास झाले आहेत. त्यांपैकी पंधरा अभ्यास एकत्र करून २००२ मध्ये जो निष्कर्ष निघाला, त्यानुसार या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा सुमारे ११ गुणांनी कमी भरला. फार लवकर आलेल्या मुलांवरील नंतरच्या अभ्यासांतही साधारण असाच फरक दिसतो. याचा अर्थ उपचार सुधारल्याने अधिक मुले जगली, पण शिकण्यातली अडचण त्याच वेगाने कमी झालेली नाही.

जितके लवकर, तितका फरक मोठा. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये १९९५ साली २६ आठवड्यांच्या आत जन्मलेली मुले शोधून, ती मोठी होईपर्यंत त्यांच्या पाठीशी राहून एक नामवंत पाहणी झाली. वयाच्या ११ व्या वर्षी त्यांतील सुमारे ४० टक्के मुलांना आकलनाची गंभीर अडचण होती. हा आकडा भीतिदायक आहे खरा. पण हीदेखील लक्षात घ्यावे, की त्याच पाहणीतील बहुसंख्य मुले चारचौघांच्या शाळेतच शिकत होती, आणि त्यांतल्या अनेकांना वर्गात जादा मदत लागत होती.

आपल्या घरचे उदाहरण पुण्याचे आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयातून १९८७ ते १९८९ या काळात घरी गेलेल्या, २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे मागोवा घेतला. गावे बदलतात, पत्ते बदलतात; अशा स्थितीत मुले पौगंडात येईपर्यंत त्यांना धरून ठेवणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. बाराव्या वर्षी या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक ९० च्या जवळपास भरला, तर तुलनेसाठी घेतलेल्या मुलांचा ९७. दिवसही अपुरे आणि त्या दिवसांच्या मानाने वजनही कमी, अशा मुलांना सर्वांत जास्त त्रास दिसला. लेखन आणि गणित या दोन विषयांत ही मुले विशेष अडखळत होती. परदेशी पाहणीतही नेमके हेच दोन विषय पुढे येतात.

सरासरी या शब्दाने मात्र कोणी फसू नये. ९० हा आकडा सर्वसाधारण बुद्धीच्या मर्यादेतलाच आहे, आणि सरासरी ९० असलेल्या गटात ११५ चीही मुले असतात. न्यूटन अपुऱ्या दिवसांचा होता आणि जन्मला तेव्हा एखाद्या मगात मावेल इतका लहान होता, अशी कथा सांगतात. तिने आईबापांना धीर येत असेल तर येवो. पण आपले मूल न्यूटन होईल का, यापेक्षा आज त्याला वजाबाकी का जमत नाही, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

मनातली पाटी

एक उदाहरण देते. साडेआठ वर्षांचा मुलगा, तिसरीत. गोष्ट सांगायला बसला की मोठ्यांनी ऐकत राहावे. तीसपर्यंत पाढे मुखोद्गत. पण हातच्याची वजाबाकी आली की उत्तर चुकलेच. फळ्यावरचे उतरवून घेताना मधली ओळ गाळायची. अक्षर ओळीवर बसायचे नाही. शाळेतून चिठ्ठ्या येत: अपूर्ण, अपूर्ण, अपूर्ण. शाळा सुटल्यावर दोन तास शिकवणी आणि रात्री वडिलांपुढे बसून पुन्हा तीच उदाहरणे. कधीमधी पाठीत धपाटाही बसे.

वडिलांनी मला थेट विचारले, “बाई, सरळ सांगा. मुलगा मंद आहे की आळशी?”

मी म्हटले, “दोन्ही नाही. जन्म कितव्या आठवड्यातला?”

वडील आईकडे पाहू लागले. आई हळूच म्हणाली, “तिसावा आठवडा. सव्वा महिना पेटीत होता. पण बाई, ते शाळेत कशाला सांगायचं? उगाच शिक्का बसेल पोरावर.”

त्याची रीतसर तपासणी झाली. बुद्धिमापनाची आपल्याकडे जुनी परंपरा आहे, डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या कसोट्या मराठी आणि कानडी मुलांसाठी बसविल्या, त्या बिने-कामत कसोट्या अजून वापरात आहेत. या मुलाचे शब्दज्ञान आणि सामान्य ज्ञान वयापेक्षा पुढे निघाले. पण पाच आकडे ऐकून उलट्या क्रमाने सांग म्हटले, की तिसऱ्यालाच गाडी अडे. आकृती पाहून तशीच काढणेही जड जाई.

तात्पर्य काय? आपल्या प्रत्येकाच्या मनात एक लहानशी पाटी असते. हातचा घेतला, तो त्या पाटीवर लिहायचा. मग एककाची वजाबाकी करायची. मग पाटीवरचा हातचा आठवून दशकाकडे जायचे. फळ्यावरचे वाक्य वाचून वहीत उतरेपर्यंत तेही त्याच पाटीवर धरून ठेवायचे. अपुऱ्या दिवसांच्या कित्येक मुलांची ही पाटी लहान असते आणि तिच्यावरचे लवकर पुसले जाते. इंग्लंडमध्ये ८ ते १० वर्षांच्या मुलांच्या गणिताचा जो बारकाईने अभ्यास झाला, त्यात असे दिसले, की फार लवकर जन्मलेल्या मुलांना संख्या ही कल्पनाच कळत नाही असे नव्हे. त्यांची अडचण या पाटीची आणि डोळ्यांनी पाहिलेल्या मांडणीचा अर्थ लावण्याची असते. तेव्हा तीच उदाहरणे पन्नास वेळा घोकून घेण्यात अर्थ नाही. पाटीवरचा भार हलका करणे, हाच उपाय.

त्या मुलाला आम्ही चौकटीची वही दिली, एका चौकटीत एक अंक. हातचा मनात न ठेवता वर लाल पेन्सिलीने लिहायचा. फळ्याऐवजी शेजारी ठेवलेल्या कागदावरून उतरवायचे. वर्गशिक्षिका समजूतदार होत्या; त्यांनी दहाऐवजी सहा उदाहरणे देऊन वेळ तितकाच ठेवला. शिकवणी बंद केली आणि तो वेळ खेळायला दिला. वर्षअखेर तो पहिला आला नाही. आजही वर्गात सर्वांत सावकाश लिहिणारा तोच आहे. पण चिठ्ठ्या थांबल्या, आणि सकाळी शाळेच्या वेळी पोट दुखायचे, तेही थांबले.

आणखी एक खूण सांगून ठेवते. लक्ष नसलेले मूल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बाकावरून उड्या मारणारे मूल येते. अपुऱ्या दिवसांची मुले पुष्कळदा तशी नसतात. ती शांत बसतात, बाईंकडे पाहतात आणि मनाने हरवतात. चारचौघांत मिसळायला बुजतात, लहान गोष्टीची धास्ती घेतात. ती त्रास देत नाहीत म्हणून ६० मुलांच्या वर्गात कोणाच्या नजरेतच येत नाहीत.

वयाचा हिशेब

दहा आठवडे आधी आलेल्या बाळाचे खरे वय कोणते धरायचे? पहिली दोन वर्षे डॉक्टर ठरलेल्या तारखेपासून वय मोजतात, म्हणून बसणे, चालणे उशिरा झाले तरी घाबरायचे नसते. शाळेत मात्र जन्मदाखल्यावरची तारीखच चालते. एखादे मूल ठरलेल्या वेळी जन्मते तर प्रवेशाच्या मुदतीनंतरचे ठरून पुढच्या वर्षी शाळेत गेले असते; लवकर आल्यामुळे ते वर्गातले सर्वांत लहान मूल होऊन बसते. अपुरे दिवस आणि वर्गात सर्वांत धाकटे, असा दुहेरी भार त्याच्यावर येतो.

मग एक वर्ष थांबावे का? आईबाप हे हमखास विचारतात. जर्मनीत बव्हेरियामध्ये १९८५-८६ साली जन्मलेल्या मुलांची जी दीर्घ पाहणी झाली, तीत नुसते वर्षभर थांबल्याने या मुलांच्या अभ्यासात सुधारणा दिसली नाही. म्हणजे थांबणे हे औषध नव्हे. वेळेवर मिळालेली मदत हे औषध. प्रवेशाच्या सीमेवर असलेल्या मुलाबाबत तपासणी करून, डॉक्टर आणि शाळा यांच्याशी बोलून ठरवावे, हेच शहाणपणाचे.

मुहूर्ताचा मोह

येथे एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण ती आपल्या मध्यमवर्गीय घरांतली आहे. स्कॉटलंडमध्ये ४ लाखांहून अधिक शाळकरी मुलांची माहिती तपासून २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अपुऱ्या दिवसांच्या मुलांपैकी ८.४ टक्क्यांना विशेष शैक्षणिक मदत लागत होती. पूर्ण दिवसांच्यांपैकी ४.७ टक्क्यांना. पण त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी, की ३७ ते ३९ आठवड्यांत जन्मलेल्या मुलांतही हे प्रमाण ४० व्या आठवड्यात जन्मलेल्यांपेक्षा किंचित अधिक होते. फरक लहान, पण अशी मुले संख्येने फार.

आपल्याकडे सिझेरियन करायचेच आहे तर चांगला दिवस पाहून, नक्षत्र साधून करू या, असा आग्रह धरणारी मंडळी काही थोडी नाहीत. आईच्या किंवा बाळाच्या जिवासाठी डॉक्टर लवकर सोडवतात, तो भाग वेगळा; तेथे क्षणाचाही विलंब नको. पण वैद्यकीय कारण नसताना ३९ आठवड्यांच्या आत ठरवून प्रसूती करू नये, असेच तज्ज्ञ सांगतात. मेंदूच्या बांधणीला शेवटचे दोन आठवडे द्यावेत, याहून चांगला मुहूर्त मला तरी ठाऊक नाही.

दोष कोणाचा?

सातमासी मूल जगते, आठमासी जगत नाही, असे आपल्या आज्या म्हणत. गंमत अशी, की प्राचीन ग्रीकांचाही हाच समज होता. हिप्पोक्रेटिसच्या नावावर या विषयाचा एक ग्रंथच आहे. हा समज साफ खोटा. पोटात राहिलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या हिताचाच असतो.

दुसरा समज अधिक क्रूर आहे. “जिने चढलीस, प्रवास केलास, नोकरी सोडली नाहीस, म्हणून असं झालं.” किती आयांनी हे वाक्य माझ्यापुढे डोळ्यांत पाणी आणून सांगितले असेल! रक्तदाब, जंतुसंसर्ग, जुळी मुले, रक्तक्षय, आधीची अशीच प्रसूती, अशी अनेक कारणे आहेत. आणि कित्येकदा नेमके कारण सापडतच नाही. आईला दोष दिल्याने मुलाच्या मेंदूत एकही तंतू वाढत नाही. उलट दोषाखाली दबलेली आई फाइल लपविते आणि मूल मदतीला मुकते.

करता येण्याजोगे

आता आशेचा भाग. कोलंबिया देशात बोगोटा येथे १९७८ मध्ये एडगर रे या डॉक्टरांकडे पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा त्यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ऊब दिली. कांगारूची माय पिलाला ठेवते तसे. पुढे तेथेच पेटीत वाढलेल्या आणि छातीशी वाढलेल्या बाळांची तुलना झाली. २० वर्षांनी पाहिले तेव्हा छातीशी वाढलेली मुले शाळेत कमी गैरहजर राहिलेली, कमी चंचल आणि कमी भांडखोर निघाली. बाळाशी लवकर जडलेल्या आईबापांनी पुढेही घर अधिक बोलके ठेवले, हे त्यामागचे एक कारण. आपल्याकडेही ही पद्धत आता रुळली आहे.

अमेरिकेत १९८५ साली जन्मलेल्या ९८५ कमी वजनाच्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर असाच एक प्रयोग झाला. काहींना तीन वर्षांपर्यंत घरभेटी, खेळातून शिक्षण आणि पालकांना मार्गदर्शन दिले. तिसऱ्या वर्षी त्यांचा बुद्ध्यंक बराच वर आला. आठव्या वर्षी मात्र त्यातला बराच लाभ ओसरला. वजनाने थोडी बरी असलेल्या मुलांतच काही टिकला. धडा असा, की मदत लवकर सुरू करावी आणि मध्येच सोडू नये. त्याच देशातल्या दुसऱ्या पाहणीत फार कमी वजनाच्या मुलांचे शब्दज्ञान तिसऱ्या वर्षी ८८ च्या पातळीवर होते, ते आठव्या वर्षी ९९ वर आले. मेंदूत मोठा रक्तस्राव झालेली मुले मात्र याला अपवाद ठरली. म्हणजे वाढ थांबलेली नसते. आणि बव्हेरियातील पाहणीत असे दिसले, की सहाव्या वर्षी ज्यांचे आईवडील मुलाचा कल ओळखून, रागावण्यापेक्षा हात धरून शिकवीत होते, ती मुले तेराव्या वर्षी पूर्ण दिवसांच्या मुलांच्या बरोबरीला पुष्कळच पोचली होती. त्यासाठी ना शिकवणी लागली, ना स्मरणशक्तीचे टॉनिक.

तेव्हा घरी काय करावे, ते थोडक्यात सांगते. सर्वांत आधी डोळे आणि कान तपासून घ्या. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत दृष्टिपटलाचा विकार आणि श्रवणदोष अधिक आढळतात, आणि न दिसणाऱ्या मुलाला आपण ‘ढ’ ठरवून बसतो. पहिलीत घालण्यापूर्वी आणि पुन्हा आठव्या वर्षाच्या सुमारास विकासाची तपासणी करा. एका वेळी एकच काम सांगा. “दप्तर भर, डबा घे, बूट घाल” असे तिन्ही एकदम सांगितले तर शेवटचेच लक्षात राहील. पत्ते, सापशिडी, ठोकळे, बाजारात सुट्टे पैसे मोजणे, आजीकडून गोष्ट ऐकून ती परत सांगणे, हे सारे त्या मनातल्या पाटीचे व्यायामच आहेत. मागच्या वर्षीचा तो कुठे होता आणि आज कुठे आहे हे पाहा. शेजारच्या मुलाशी तुलना नको.

सरकारी मदतही आहे, ती मागून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याअन्वये १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी बालकांची केंद्रे उघडलेली आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट समावेश आहे. तपासणीत तशी अडचण सिद्ध झाली तर परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात. त्या घेण्यात कमीपणा कसला? चष्मा लावण्यात आपण कमीपणा मानतो का?

राहिली शाळा. इंग्लंडमध्ये शिक्षकांची पाहणी केली तेव्हा, अपुऱ्या दिवसांच्या जन्माचा अभ्यासावर काय परिणाम होतो याची त्यांना फारशी माहिती नसल्याचे आढळले. आपल्याकडे याहून वेगळे असेल, असे मला वाटत नाही. अध्यापनाच्या प्रशिक्षणात आम्हांला बालमानसशास्त्र शिकविले. पण वर्गातले एखादे मूल कितव्या आठवड्यात जन्मले, हे विचारायला कोणी शिकविले नाही. प्रवेशाच्या अर्जात रक्तगटासाठी रकाना असतो, तसा एक रकाना याही माहितीचा असायला काय हरकत आहे? तो येईपर्यंत आईबापांनीच पुढे व्हावे. दुसऱ्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात वेळ मागून वर्गशिक्षकांना भेटावे, फाइल दाखवावी आणि सांगावे: हे मूल दहा आठवडे लवकर आले आहे, त्याला सगळे समजते, फक्त थोडा वेळ द्या. एवढ्याने शिक्का बसत नाही. शिक्का बसतो तो ‘आळशी’ म्हटल्याने.